गिरणगाव पबवाल्यांनी उठवलं?

लोअर परळमध्ये पाचशे रुपयांची कॉफी पिताना कुणीतरी हमखास म्हणतं, ‘या हॉटेलांनी गिरणगाव संपवलं.’ मीही हे वाक्य बऱ्याच वेळा टाळ्या घेत म्हटलंय. पण क्रम उलटा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. तेव्हा इथे पबचा पत्ताही नव्हता. खरी मेख जमिनीच्या नियमात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे: एक पालिकेच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जागा त्यातून सुटली. मैदानांचा आणि घरांचा वाटा आक्रसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे २००६ मध्ये दुरुस्ती टिकली.

टॉवर, ऑफिसं आली, त्यांच्या पगारावर रेस्टॉरंटं आली. ती भाडं चढवतात, हे खरं. निर्दोष कुणीच नाही.

आणि बाहेर जेवणं इथे नवं नव्हतंच. गावाकडून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना खानावळवाल्या बायका जेवू घालत. या बायकांसाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.