पिकअप-रूपांतर, जुन्या मोटारींचे

पिकअप-रूपांतर, जुन्या मोटारींचे : रस्त्यावरून बाद झालेल्या किंवा भंगारात निघालेल्या प्रवासी मोटारीचा मागचा भाग कापून तिथे माल वाहण्यासाठी उघडा हौदा बसवण्याची घरगुती पद्धत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पाचव्या दशकापर्यंत ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात, मुख्यतः शेतकरी वर्गात, सर्रास रूढ होती. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि स्वीडनमध्ये तिची वेगवेगळी रूपे आढळतात. अलीकडे जुन्या मोटारींचे शौकीन तिच्याकडे पुन्हा वळले आहेत; त्यांची कारणे निराळी आहेत. कारखान्यात तयार झालेला पिकअप आणि परसात कापलेला पिकअप यांतला फरक लांबून लक्षात येत नाही. जवळ गेल्यावर दारामागे अचानक तुटलेली पत्र्याची रेघ, मालगाडीला न शोभणारे मागचे गोलसर मडगार्ड आणि मागच्या दाराच्या बिजागरीची बुजवलेली भोके दिसतात.

उगम : या पद्धतीचा उगम नेमका कोठे धरायचा याविषयी एकमत नाही. पुष्कळ ग्रंथ पिकअपचा इतिहास १५ एप्रिल १९२५ पासून सुरू करतात. त्या दिवशी फोर्ड कंपनीने ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिक-अप बॉडी’ ही गाडी २८१ डॉलर किमतीला जाहीर केली. तिचा हौदा ५६ इंच लांब, ४० इंच रुंद आणि १३ इंच खोल होता. त्याला उघडता येणारा फाळका होता आणि मागे जड पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दिले होते. त्या वर्षी अशा सुमारे ३४ हजार गाड्या निघाल्या. परंतु ही तारीख कारखान्याची आहे, पद्धतीची नव्हे. ओहायओ राज्यातील गॅलियन येथील ‘गॅलियन ऑलस्टील बॉडी कंपनी’ मॉडेल टीच्या सांगाड्यावर (चासीवर) पोलादी हौदे बसवत असे आणि हे काम तिने १९१३ च्या सुमारास सुरू केले असे सांगितले जाते. त्याच वर्षाच्या आसपास स्टुडबेकर कंपनीने ‘पिक-अप’ हा शब्द वापरल्याचा दाखला काही लेखक देतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरची ‘ऑटो वॅगन’ (१९०९ च्या सुमारास) ही आद्य पिकअप मानणाराही एक पक्ष आहे. मात्र ती मुळातच शेतमालासाठी बांधलेली असल्याने रूपांतराच्या इतिहासात तिला जागा देणे ओढून ताणून होते.

याहून मागे जाणारे एक मत असे : पहिल्या दशकातील अनेक मोटारींची मागची बैठक मुळातच सुटी होती. फोर्डची १९०३ ची ‘मॉडेल ए’ (१९२७ अखेर आलेल्या याच नावाच्या मोटारीशी हिची गल्लत करू नये) दोन जणांसाठी ७५० डॉलरला मिळे. मागची बैठक हवी असेल तर ८५० डॉलर पडत. ही बैठक बोल्ट काढून उतरवता येई. कॅडिलॅकच्या सुरुवातीच्या गाड्यांतही अशीच सोय होती. रविवारी बैठक, सोमवारी खोके, हा बदल करायला करवतही लागत नसे, पाना पुरे. घोड्याच्या बग्गीची मागची फळी काढून पोती टाकण्याची सवय असलेल्या माणसाला यात नवे काही वाटले नसावे, आणि म्हणूनच कोणी ते लिहून ठेवले नसावे. कंपन्यांच्या दाव्यांना कागद आहेत, लोहाराच्या भात्यापाशी झालेल्या कामाला नाहीत. उपलब्ध पुरावा तोलला तर उगम कारखान्यात शोधण्यापेक्षा सुट्या बैठकीत शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.

रूपांतर-संच : १९१५ च्या आसपास तयार संचांची लाट आली. शिकागोचा ‘स्मिथ फॉर्म-अ-ट्रक’ त्यांत सर्वांत गाजला. त्याची किंमत ३५० डॉलर होती. मॉडेल टीच्या सांगाड्याला मागून लांब पोलादी सांगाडा जोडायचा, मूळ मागच्या एक्सलवरची चाके काढून तिथे दातेरी चक्रे बसवायची आणि साखळ्यांनी त्याहून मागच्या, जाड एक्सलला गती द्यायची अशी त्याची रचना होती. त्यामुळे हलकी मोटार टनभर माल ओढू शके. सेंट पॉल येथील ‘स्टॉड मॅक-अ-ट्रॅक्टर’ सारखे संच मोटारीचा ट्रॅक्टर करीत. ते या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत. १९१७ मध्ये फोर्डने स्वतःचाच एक टनी ‘मॉडेल टीटी’ सांगाडा बाजारात आणला आणि संचांचा धंदा हळूहळू बसला. घरगुती कापाकापी मात्र थांबली नाही, कारण तिला संच घेण्याइतकेही पैसे लागत नव्हते.

प्रसार : १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक मॉडेल टी तयार झाल्या. नव्या गाड्या आल्यावर त्यांतल्या लाखो परसात, गोठ्यामागे आणि भंगारवाल्यांकडे जाऊन पडल्या. १९२९ नंतरच्या महामंदीत नवा ट्रक घेणे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले. पडीक मोटार, करवत आणि चार फळ्या मात्र हाताशी होत्या. (ज्यांना पेट्रोलही परवडेना त्यांनी मोटारीला घोडे किंवा खेचरे जुंपली. कॅनडात पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावावरून अशा वाहनाला ‘बेनेट बग्गी’ म्हणत आणि अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या नावावरून ‘हूवर कार्ट’. राज्यकर्त्यांची आठवण लोक अशीही ठेवतात.) दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेतील प्रवासी मोटारींचे उत्पादन बंद झाले आणि त्याच वर्षी १ डिसेंबरपासून पेट्रोलचे रेशनिंग देशभर लागू झाले. रेशनिंगचा वर्ग दाखवणारी चिकटपट्टी (स्टिकर) गाडीच्या काचेवर लावत; ‘ए’ चिकटपट्टीच्या खाजगी मोटारीला आठवड्याला सुरुवातीला चार, पुढे तीन गॅलन मिळत. मालवाहू गाड्यांची ‘टी’ चिकटपट्टी वेगळी होती. मोटारीला हौदा बसवण्यामागे या फरकाचा वाटा किती होता यावर अभ्यासकांत दुमत असले, तरी काहीच नव्हता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

रचना व तांत्रिक बाजू : मॉडेल टी आणि १९२७ अखेर आलेली मॉडेल ए या दोन गाड्याच रूपांतरासाठी एवढ्या का वापरल्या गेल्या, याचे उत्तर नुसत्या स्वस्ताईत नाही. बहुतेक मॉडेल टींची पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली असते आणि मॉडेल एची काचेपुढच्या भागात. दोन्हींत मागच्या बाजूला टाकी, नळी असे काहीच नाही. पुढच्या बैठकीच्या पाठीमागून सरळ करवत चालवली तरी इंजिनाला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय पत्रा लाकडी चौकटीवर ठोकलेला असे आणि सगळा डोलारा सांगाड्यावर बोल्टने बसवलेला. म्हणजे काम सुताराचे होते. १९३५ पासून जनरल मोटर्सने सबंध पोलादी छत आणले व पुढे तीच रीत झाली. तेव्हापासून कापणाऱ्याला गॅस वेल्डिंग येणे भाग पडले.

उघड्या टूरर गाडीत काम लवकर उरके. बंद सेदान कापताना मागच्या खिडकीसकट पाठीचा पत्रा अखंड काढीत, तो पुढे सरकवून पुढच्या बैठकीमागे उभा करीत आणि मधला टप छाटून सांधा जुळवीत. दोन दारांची सेदान यासाठी पसंत केली जाई. तिची दारे लांब असल्याने चालकाला पाय पसरायला जागा राही. चार दारांच्या सेदानमधून बनलेल्या केबिनमध्ये जाडजूड माणसाला शिरताना कसरत करावी लागे. हौद्याचा तळ फळ्यांचा, त्यांच्या फटींवर लोखंडी पट्ट्या. पोती आणि फावडे त्यावरून सरकतात. नुसत्या फळीवर ती अडकतात.

खरी अडचण वजनाची. मॉडेल टीला मागे लांबीच्या दिशेने दोन बाजूंना पाटे नाहीत; एकच आडवा कमानपाटा एक्सलवर बसतो. भार वाढला की गाडी मागे बसते, वळणावर डुलते आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल वाटू लागते. हौदा एक्सलच्या फार मागे नेला तर हे सारे बळावते. पेट्रोल पंपाने नव्हे, उतारानेच कार्ब्युरेटरकडे येत असल्याने चढावर टाकीत कमी पेट्रोल असले की इंजिन बंद पडे. रिकामी मॉडेल टीसुद्धा लोक अशा चढावर उलटी, रिव्हर्स गिअरमध्ये नेत. लादलेला हौदा गाडीचे नाक आणखी वर करी.

ब्रेक हा याहून गंभीर विषय आहे. मॉडेल टीचे ब्रेकचे पेडल चाकांवर थेट काम करीत नाही. ते गिअरबॉक्समधील ड्रमभोवती पट्टा आवळते आणि तो रोध शाफ्ट, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत गती वाटून देणारी दातेरी चक्रांची पेटी) व एक्सल या मार्गाने मागच्या चाकांपर्यंत पोचतो. डिफरन्शियलमध्ये बॅबिट या मऊ मिश्रधातूचे वॉशर असत. जुने झाल्यावर, त्यात जास्त भाराखाली, ते भुगा होऊन निखळत; दातेरी चक्रे एकमेकांपासून दूर सरत आणि एका क्षणात गाडीची गतीही जाई आणि पायब्रेकही. उरतो तो हाताने ओढायचा ब्रेक. तो मागच्या ड्रममध्ये असला तरी मुख्यतः उभी गाडी उभी ठेवण्यापुरता आहे. जाणकार आजही मॉडेल टीवर हौदा चढवण्यापूर्वी बॅबिट काढून पितळी जातीच्या धातूचे वॉशर घालतात आणि मागच्या चाकांना जादा ब्रेक बसवतात. रंग कोणता द्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

इतर देश : ऑस्ट्रेलियात ‘यूट’चा (पुढे मोटारीसारखी केबिन आणि मागे हौदा असलेल्या गाडीचा) जन्म व्हिक्टोरियातील गिप्सलँड भागातल्या एका शेतकरी स्त्रीच्या पत्रातून झाला असे सांगतात : रविवारी चर्चला नेता येईल आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजारात नेता येतील असे वाहन तिने मागितले. जिलाँग येथील फोर्डचे आरेखक ल्यूइस बँट यांनी त्यावरून केलेली गाडी १९३४ मध्ये विक्रीला आली. बँट यांचे काम निर्विवाद आहे. पण ऑस्ट्रेलियन शेतकरी त्याआधीही मोटारींचे मागचे भाग कापतच होता, म्हणून पत्राला उगम न मानता निमित्त मानावे. ब्रिटनमध्ये युद्धकाळात पेट्रोल पिणाऱ्या थोरल्या जुन्या मोटारींचे ओढगाड्या, शववाहिका व शेतीच्या गाड्या असे पुनर्जन्म झाले.

स्वीडनमधील ‘एपा-ट्रॅक्टर’ कायद्याने ट्रॅक्टर असला तरी दिसायला पिकअपच. ट्रॅक्टरांच्या टंचाईमुळे सरकारने १९४० मध्ये मोटारीपासून ट्रॅक्टर करण्याचे नियम घालून दिले. ‘एपा’ हे तिथल्या स्वस्त मालाच्या दुकानांच्या साखळीचे नाव. ‘स्वस्तातला, हलका’ या अर्थाने ते गाडीला चिकटले. (पुढे ही साखळी ‘टेम्पो’ नावाच्या दुसऱ्या साखळीत विलीन झाली. मराठीतला टेम्पो मात्र हँबर्गच्या टेम्पो कारखान्यातून बजाज टेम्पोमार्फत आला. दोहोंचा संबंध जोडू नये.) ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नये म्हणून अशा गाडीत एकामागे एक दोन गिअरबॉक्स बसवून एक खालच्या गिअरमध्ये अडकवून ठेवीत. अडकवलेले सोडवणेही तितकेच सोपे असते, हे तिथल्या पोलिसांना पहिल्यापासून ठाऊक आहे. १९७५ मध्ये याच धर्तीचा ‘ए-ट्रॅक्टर’ वर्ग आला. वयाच्या पंधराव्या वर्षी परवाना मिळत असल्याने ही गाडी आज शेतकऱ्यापेक्षा ग्रामीण तरुणाईची ओळख झाली आहे. २०२३ मध्ये तिला सीटबेल्ट सक्तीचे झाले आणि हौद्यात माणसे बसवणे बंद झाले.

संग्राहकांचा दृष्टिकोन : अमेरिकेतील ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब’ (स्थापना १९३५) पंचवीस वर्षे झालेली गाडी परीक्षणास घेतो आणि कारखान्यातून निघालेली मूळ स्थिती हा निकष लावतो. या मापाने घरगुती पिकअप म्हणजे बिघडवलेली मोटार. त्यामुळे गेल्या काही दशकांत कितीतरी कापलेल्या गाड्या मागचा भाग शोधून पुन्हा ‘टूरर’ केल्या गेल्या. उलट बाजूचे म्हणणे असे की १९३२ साली कापलेली १९२४ ची गाडी हाच इतिहास आहे आणि तो पुसणे म्हणजेच बिघडवणे. प्रस्तुत नोंदकर्त्याचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, निदान जुन्या काळी झालेल्या रूपांतरांपुरता. नव्याने होणाऱ्या कामांचे समर्थन निराळे. शेतात सापडणाऱ्या सांगाड्यांचा पुढचा पत्रा बरेचदा टिकलेला असतो आणि मागचा गंजून गेलेला किंवा पूर्वीच कापलेला. मागचा पत्रा मिळवण्यापेक्षा फळ्यांचा हौदा करणे सोपे आणि कितीतरी स्वस्त. म्हणून अर्धवट मॉडेल टी आज बहुधा पिकअप म्हणूनच पुन्हा चालू होते.

भारत : भारतापुरते साहित्य तुटपुंजे आहे. अलवरच्या महाराजांनी अपमानाचा वचपा काढण्यासाठी रोल्स-रॉइस गाड्या कचरा वाहायला लावल्या ही कथा सर्वश्रुत आहे. तीच भरतपूर आणि पतियाळा यांच्या नावेही सांगतात, यावरूनच ती किती जपून घ्यावी हे कळते. तिच्यासोबत फिरणारे, पुढे केरसुण्या बांधलेल्या मोटारीचे छायाचित्र रस्त्यावरच्या खिळ्यांपासून टायर वाचवण्याच्या युक्तीचे असावे, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारा फेरबदल करता येत नाही. २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते, पण सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचे असावे लागते. मागचा भाग कापून हौदा बसवलेली गाडी, तो हौदा कितीही जुना असला तरी, या नोंदणीला पात्र ठरणे कठीण आहे.