दम्याचा पंप: पैसे नक्की कशाचे, आणि वाचतात कुठे

आईचा रोजचा पंप महिनाभरात संपायला हवा होता, तो अडीच महिने चालला, आणि मला वाटत राहिलं की वा, पुरवून वापरते. विचारलं तर म्हणाली, अगं दम लागत नाही त्या दिवशी कशाला घ्यायचा, केवढ्याला येतो तो! श्रावणात एका रात्री नेब्युलायझरसाठी हॉस्पिटलला पळावं लागलं आणि त्या एका रात्रीच्या बिलात चार-पाच महिन्यांचे पंप आले असते.

आपल्याकडे दोन्हीला पंपच म्हणतात, पण एक दम लागल्यावर लगेच नळ्या मोकळ्या करणारा आणि दुसरा रोजचा, आतली सूज हळूहळू उतरवणारा. हा रोजचा घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही, म्हणून तोच बंद केला जातो, आणि तोच महाग असतो.

आता महाग का ते बघा. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल या रोजच्या औषधाचा 120 पफचा पंप घ्या (पफ म्हणजे एकदा दाबल्यावर येणारा फवारा), एका पफमध्ये 200 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड आणि 6 मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल. गुणाकार केला तर अख्ख्या पंपात औषध जेमतेम 25 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढं! बाकी पैसे त्या दाण्याचे 120 सारखे भाग करणाऱ्या व्हॉल्व्हचे, गॅसचे, आणि कण 1 ते 5 मायक्रॉनचे ठेवण्याचे, कारण त्याहून मोठा कण घशातच चिकटतो. अर्थात ब्रँड आणि जाहिरातीचेही.

अमेरिकेत तर याच डब्याच्या आणि यंत्राच्या पेटंटवर कंपन्यांनी वर्षानुवर्षं स्वस्त पर्याय अडवले, शेवटी 2024 मध्ये तीन मोठ्या कंपन्यांनी अनेक पेशंटसाठी महिन्याला 35 डॉलरची मर्यादा जाहीर केली. तिकडची आपली माणसं भारतातून परत जाताना बॅगेत पंप का भरतात ते यावरून कळतं.

आपल्याकडे हे कॉम्बिनेशन 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे ठरावीक ताकदीच्या एका डोसची कमाल किंमत सरकार ठरवतं. यादीबाहेरच्या बऱ्याच नव्या कॉम्बिनेशनना ती मर्यादा नाही, तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, डॉक्टर, यादीतलं औषध मला चालेल का? त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

किंमत बघताना डब्याची बघू नका, दिवसाची बघा. समजा एमआरपी 480 आहे आणि पफ 120, म्हणजे पफ 4 रुपयांना, सकाळी दोन संध्याकाळी दोन म्हणजे रोजचे 16. त्याच औषधाच्या कॅप्सूलही मिळतात, छोट्या यंत्रात घालून त्यातली पावडर श्वासाने ओढायची; आता त्या बाटलीचा असाच हिशोब करा, बऱ्याचदा ती स्वस्त पडते आणि यंत्र एकदाच घ्यायचं असतं. फक्त ओढताना श्वास जोरात लागतो, लहान मुलांना आणि खूप दम असलेल्यांना तो जमत नाही. कॅप्सूल गिळायची नाही (गिळणारे मी पाहिलेत), आणि कोकणातल्या पावसाळ्यात आधीच काढून ठेवलीत तर दमट होऊन पावडर आतच चिकटते. जनऔषधी केंद्रातही विचारा, सुगम नावाच्या ॲपवर जवळचं केंद्र सापडतं.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा जातो तो घशात. पंप दाबला की फवारा इतक्या वेगाने येतो की बरंचसं औषध टाळ्यावर आदळतं, आणि दाबणं-ओढणं जुळलं नाही तर फुप्फुसात जवळपास काहीच पोचत नाही. आईला केमिस्टने पंप दिला, कसा घ्यायचा ते कुणीच दाखवलं नव्हतं, ती आधी दाबायची आणि मग निवांत श्वास घ्यायची. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मध्ये धरायची पोकळ नळी, लावला की हे जुळवणं राहत नाही. 1999 मध्ये केपटाउनच्या डॉक्टरांनी तर दम्याचा झटका आलेल्या मुलांवर 500 मिलीच्या प्लास्टिक बाटलीचा घरगुती स्पेसर वापरून पाहिला होता आणि तो विकतच्याइतकाच चालला! स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा, फडक्याने पुसला की स्थिर विजेमुळे औषध भिंतीला चिकटतं. आणि पफनंतर चूळ भरायचीच, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

आणखी एक, औषध संपलं तरी गॅस उरतो आणि पंप फुस्स करत राहतो. हलवून किंवा पाण्यात तरंगवून काही कळत नाही, आकडा दाखवणारा पंप नसेल तर मोजावंच लागतं.

डोस आपल्या मनाने कमी करू नका, पण तीन महिने दमा नीट ताब्यात असेल तर डॉक्टर स्वतः कमी करायचा विचार करतात, तेव्हा तारीख लक्षात ठेवून तुम्हीच विषय काढा. काही जणांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजचा आणि लागेल तेव्हाचा असा दोन्हीला चालतो, मग दुसरा घ्यावा लागत नाही, तेही डॉक्टरांनाच विचारा.

आईच्या पंपावर आता मी मार्करने दोन तारखा लिहिते, सुरू केल्याची आणि संपायची. या महिन्यात दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी तिचाच फोन आला, अगं, उद्या नवीन आणायचाय.