पार्श्वभूमी : परदेशातील खरेदीवरचा कर परत का मिळतो

परदेशात केलेल्या खरेदीवरचा कर परत मिळतो, एवढे आता नाशिकहून बाहेर जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्यायचा, देश सोडताना वस्तू आणि बिल दाखवून कस्टम्सचा शिक्का घ्यायचा आणि पैसे रोख किंवा कार्डावर घ्यायचे, हा क्रम सहलीच्या माहितीपत्रकांतही छापलेला असतो. हा परतावा मुळात का दिला जातो, कायद्याने तो कोणी द्यायचा आणि काही देशांनी तो देणे का थांबवले, याची चर्चा मात्र क्वचितच होते. ती व्हायला हवी, कारण ‘सवलत’ हा एक चुकीचा शब्द रूढ झाल्याने अनेक गैरसमज तयार झाले आहेत आणि निदान एका देशात तर सरकारी निर्णयालाही त्याच शब्दाची छटा चिकटली आहे.

मूळ तत्त्व नाशिकच्या जुन्या व्यापाऱ्यांना नवे नाही. २०१३ पर्यंत शहराच्या नाक्यांवर जकात घेतली जात असे. ती वापरासाठी, उपभोगासाठी किंवा विक्रीसाठी हद्दीत येणाऱ्या मालावर होती. त्यामुळे शहरातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाला वेगळा नियम होता आणि जकात भरलेला माल ठरावीक मुदतीत पुन्हा बाहेर गेल्यास परताव्याचा अर्ज करता येत असे. उपभोग जिथे होतो तिथेच कर द्यायचा, हा त्यामागचा विचार होता. शहराच्या जागी देश आणि ट्रकच्या जागी प्रवाशाची बॅग ठेवली की परदेशी खरेदीवरच्या परताव्याचे गणित उलगडते.

मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, फ्रान्समध्ये १९५४ मध्ये आला. युरोपीय समुदायाने १९६७ मध्ये सदस्य देशांसाठी या कराचा समान आराखडा स्वीकारला, जर्मनीने तो १९६८ पासून आणि ब्रिटनने १ एप्रिल १९७३ पासून लागू केला. या कराची रचनाच अशी आहे की निर्यात होणाऱ्या मालावर त्याचा भार राहत नाही. कारखान्यातून जहाजावर चढणाऱ्या मालावर कर नसेल, तर दुकानातून प्रवाशाच्या बॅगेत आणि बॅगेतून विमानात जाणाऱ्या घड्याळावर तो का असावा, हा प्रश्न त्या रचनेतूनच निघाला. त्याचे उत्तर कायद्याने दिले, पण त्याचा व्यवसाय खासगी कंपन्यांनी उभा केला. १९८० मध्ये स्वीडनमध्ये अशी एक कंपनी सुरू झाली आणि दुकानांच्या दारांवर दिसणारे ‘टॅक्स फ्री’चे फलक तिथून पुढे युरोपभर पसरले. ‘ड्युटी फ्री’ हा प्रकार त्याहून जुना आणि वेगळा आहे. आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर १९४७ मध्ये सुरू झालेल्या दुकानात कर मुळात आकारलाच जात नव्हता, त्यामुळे तिथे परताव्याचा प्रश्नच येत नाही.

युरोपीय कायद्याच्या भाषेत प्रवाशाला काहीही ‘दिले’ जात नाही. दुकानदाराने केलेली विक्री निर्यात ठरते आणि म्हणून ती करमुक्त होते. मात्र माल खरोखर बाहेर गेला, हे विक्रीच्या क्षणी सिद्ध होत नसल्याने दुकानदार आधी कर घेतो आणि शिक्का मारलेला फॉर्म परत आल्यावर तो सोडतो. सर्वच दुकाने या व्यवस्थेत सहभागी नसतात, हे आधी विचारून घ्यावे लागते. मध्यस्थ कंपनी दुकानदाराची कागदपत्रे सांभाळते आणि त्याचे शुल्क प्रवाशाच्या रकमेतून कापते. जर्मनीत व्हॅट १९ टक्के आहे म्हणून ११९ युरोच्या वस्तूवर तेवढेच टक्के परत मिळतील, असा हिशेब अनेक जण मनाशी धरून जातात. प्रत्यक्षात त्या किमतीत कर १९ युरोचा, म्हणजे भरलेल्या रकमेच्या सुमारे १६ टक्के असतो आणि शुल्क वजा जाता हातात त्याहूनही कमी पडते. विमानतळावर रोख किंवा रुपयांत रक्कम घेतल्यास वेगळी कपात होऊ शकते.

किमान खरेदीच्या मर्यादांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार सदस्य देशांना ही मर्यादा १७५ युरोपेक्षा वर ठेवता येत नाही, खाली मात्र हवी तेवढी आणता येते. इटलीची मर्यादा अनेक वर्षे १५४.९४ युरो होती. हा विचित्र आकडा म्हणजे जुन्या ३,००,००० लिरांचे युरोतले रूपांतर होय. स्पेनची ९० युरोंच्या किंचित वरची मर्यादाही १५,००० पेसेटांची होती. ही नाणी व्यवहारातून गेली तरी त्यांच्या सावल्या दुकानांच्या बिलांवर राहिल्या. स्पेनने २०१८ मध्ये मर्यादा पूर्णपणे काढून टाकली, फ्रान्सने ती १०० युरोंवर आणली आणि इटलीने १ फेब्रुवारी २०२४ पासून ७० युरोंवर. उलट जर्मनीत अशी मर्यादाच नव्हती. तिथे २०२० पासून ५० युरोंची अट घातली गेली. मुदतीचा नियम मात्र महासंघात समान आहे. खरेदीच्या महिन्यानंतरचा तिसरा महिना संपेपर्यंत वस्तू बाहेर गेली पाहिजे. १० मे रोजी घेतलेल्या वस्तूसाठी ती मुदत ३१ ऑगस्टला संपते.

सर्वाधिक गोंधळ सीमेचा होतो. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली असा सहलीचा क्रम आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. स्वित्झर्लंड शेंगेन व्हिसाच्या क्षेत्रात असल्याने बसमधल्या प्रवाशाला सीमा ओलांडल्याचे जाणवतही नाही, परंतु तो देश महासंघात नाही आणि त्याची करव्यवस्था स्वतंत्र आहे. फ्रान्समध्ये घेतलेली वस्तू तिथे नेणे ही करदृष्ट्या निर्यात ठरते, म्हणून त्या वस्तूची नोंद स्विस हद्दीत शिरण्यापूर्वी व्हायला हवी. स्वित्झर्लंडमधल्या खरेदीला ३०० फ्रँकची वेगळी मर्यादा आणि वेगळा शिक्का आहे. व्हिसा एक असला म्हणजे करही एकच असतो, ही समजूत महागात पडते.

दुसरा गुंता ‘प्रवासी’ कोणाला म्हणायचे याचा आहे. कायदा नागरिकत्व विचारत नाही, वास्तव्य विचारतो. नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापलेला भारतीय पासपोर्ट हातात असला तरी म्युनिकमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्या मुलीला तिथल्या खरेदीवर सर्वसाधारणपणे परतावा मिळत नाही, कारण तिचे घर महासंघात आहे. तिला भेटायला गेलेल्या आईवडिलांना तो मिळतो, मात्र खरेदी त्यांच्या नावावर असावी लागते आणि वस्तू त्यांनीच सोबत न्यावी लागते.

आता ज्या निर्णयाने हा विषय चर्चेत आणला, त्याकडे येऊ. ब्रिटनने ११ सप्टेंबर २०२० रोजी जाहीर केले की पर्यटकांना व्हॅट परत देण्याची योजना १ जानेवारी २०२१ पासून बंद होईल. तोपर्यंत परतावा महासंघाबाहेरील प्रवाशांनाच मिळत होता, कारण ब्रिटन महासंघात असताना फ्रान्स किंवा जर्मनीचा प्रवासी करदृष्ट्या ‘आतला’ होता. ब्रिटन बाहेर पडताच तोही ‘बाहेरचा’ झाला. सर्वांना परतावा द्यावा किंवा कोणालाच देऊ नये, अशा वळणावर सरकार उभे राहिले, कारण काही देशांच्या प्रवाशांना द्यायचा आणि काहींना नाही, असा भेद जागतिक व्यापाराच्या नियमांत बसणार नाही, अशी सरकारची भूमिका होती. सरकारच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये सुमारे १२ लाख प्रवाशांना ५० कोटी पौंडांच्या आसपास रक्कम परत गेली होती आणि योजना महासंघाच्या प्रवाशांनाही खुली केल्यास वार्षिक आकडा १४० कोटी पौंडांपर्यंत गेला असता. योजनेचा लाभ देशभर सारखा न पोहोचता मुख्यतः लंडनकडे जातो आणि तिच्यात गैरव्यवहाराला वाव आहे, असेही सांगण्यात आले.

या युक्तिवादात वजन नाही असे म्हणता येणार नाही, कारण ते वर्ष महासाथीचे होते आणि तिजोरीवर ताण होता. तरीही मूळ मांडणी खटकते. परत दिलेला कर ‘खर्च’ म्हणून मांडला की तो आपसूक सवलत ठरतो आणि सवलत केव्हाही काढता येते. निर्यातीवर कर नसणे हे कराच्या रचनेतच असेल, तर ती रक्कम सरकारच्या उत्पन्नात मोजणेच शंकास्पद ठरते. ब्रिटनमधून कंटेनरने जाणाऱ्या मालावर व्हॅटचा भार राहत नाही. पर्यटकाने दुकानातून वस्तू थेट आपल्या परदेशातील पत्त्यावर पाठवायला सांगितली तर आजही ती करमुक्त विकता येते. तीच वस्तू त्याने स्वतःच्या बॅगेत नेली तर मात्र २० टक्के कर कायम राहतो. माल तोच, देश तोच, फरक केवळ वाहून नेणाऱ्याचा. या फरकाला कराच्या तत्त्वात आधार सापडत नाही.

विमानतळ आणि किरकोळ व्यवसायातील काही कंपन्यांनी निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले, पण आधी उच्च न्यायालयात आणि २०२१ मध्ये अपिलातही ते टिकले नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नव्या अर्थमंत्र्यांनी कागदाविना चालणारी नवी परतावा योजना जाहीर केली आणि त्यांच्या जागी आलेल्या मंत्र्यांनी १७ ऑक्टोबरला ती रद्द केली. अवघ्या २४ दिवसांत एक योजना जन्मली आणि संपली. उत्तर आयर्लंडमध्ये जुनी व्यवस्था चालू आहे, कारण मालाच्या बाबतीत तिथे महासंघाचे नियम लागू राहिले. ब्रिटिश नागरिक पॅरिसला जाऊन आता फ्रेंच व्हॅट परत मिळवतात, तर लंडनला आलेल्या पर्यटकाला तो मिळत नाही. पर्यटकांचा परतावा बंद करणारा ब्रिटन पहिला देश नाही. कॅनडाने आपली पर्यटक परतावा योजना १ एप्रिल २००७ पासून गुंडाळली होती. तिथे फार थोडे प्रवासी लाभ घेतात आणि ती चालवणे परवडत नाही, हे कारण पुढे करण्यात आले.

पूर्वेकडे चित्र वेगळे आहे. सिंगापूरने १९९४ मध्ये ३ टक्क्यांनी जीएसटी सुरू केला, तो २०२४ पासून ९ टक्के आहे आणि १०० डॉलरच्या खरेदीपासून पर्यटकाला परतावा मागता येतो. ऑस्ट्रेलियाने जुलै २००० मध्ये जीएसटी आणतानाच परताव्याची सोय केली. एका विक्रेत्याकडून ३०० डॉलरची खरेदी, ६० दिवसांची मुदत आणि वस्तू हातात किंवा अंगावर, अशा अटी तिथे आहेत, आणि विशेष म्हणजे तिथले रहिवासीही परतावा मागू शकतात. थायलंडमध्ये एका दुकानात एका दिवशी २,००० बाथची खरेदी लागते. संयुक्त अरब अमिरातींत व्हॅट जानेवारी २०१८ मध्ये आला आणि परतावा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. तिथे भरलेल्या कराचा सगळा नव्हे, ठरावीक भागच मिळतो आणि त्यातूनही दर फॉर्ममागे ठरलेले शुल्क वजा होते. जपानमध्ये दुकानातच कर वगळून विक्री होत आली आहे, पण करमुक्त घेतलेला माल देशातच पुन्हा विकला जाऊ लागल्याने १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरायचा आणि जाताना परत घ्यायचा, ही पद्धत तिथेही ठरली आहे.

उपभोग जिथे तिथे कर, या तत्त्वाची दुसरी बाजू मायदेशी उतरल्यावर समोर येते. तिकडे सुटलेला कर इकडे वसूल करण्याचा हक्क भारताला आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांनी परतणाऱ्या रहिवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणण्याची मुभा ठरवली होती आणि त्यावरील मूल्यावर ३८.५ टक्के शुल्क बसत होते. परताव्यासाठी ज्या बिलावर शिक्का घेतला, तेच बिल मुंबईच्या विमानतळावर वस्तूची किंमत सांगणारा पुरावा ठरते.

भारतात येणाऱ्या परदेशी पर्यटकासाठी अशी तरतूद नाही, असे सर्रास म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. २०१७ च्या एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १५ नेमके याच विषयाचे आहे. भारतात सामान्यतः न राहणारी आणि सहा महिन्यांहून अधिक नाही इतक्या काळासाठी आलेली व्यक्ती म्हणजे पर्यटक, आणि तिने सोबत बाहेर नेलेल्या वस्तूंवरचा एकात्मिक कर परत द्यावा, असे त्यात लिहिले आहे. १ जुलै २०१७ पासून कायद्याची जी कलमे अमलात आली, त्यांच्या यादीत मात्र १५ हा आकडा नव्हता आणि ते अजून लागू झालेले नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी परदेशातून लोक नाशिकला येतील, येवल्याची पैठणी आणि सराफ बाजारातली चांदीची भांडी घेऊन जातील. पैठणीवर ५ टक्के आणि चांदीवर ३ टक्के जीएसटी त्यांनी भरलेला असेल आणि तो इथेच राहील. नाशिकच्या वाइनला तर कलम १५ लागू होऊनही फायदा नाही, कारण पिण्याचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे.

याच कायद्याच्या कलम ८ मध्ये राज्यांतर्गत विक्री कशाला म्हणावे हे सांगताना, कलम १५ मधील पर्यटकाला केलेली विक्री त्यातून वगळली आहे, म्हणजे तिच्यावर केंद्र आणि राज्य असा दोन भागांतला नव्हे, तर एकात्मिक कर अपेक्षित आहे. कलम ८ लागू आहे, कलम १५ लागू नाही. परताव्याचा मार्गच उघडलेला नसल्याने येवल्याचा दुकानदार परदेशी गिऱ्हाईकाच्या बिलावरही केंद्राचा अडीच टक्के आणि राज्याचा अडीच टक्के असाच कर लावतो.