पगार वाढला, पोरगं थांबलं, पण जीव लावला का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही सीएनसी शॉपच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातू कापायचं काम) किंवा फौंड्रीच्या (धातू ओतायचा कारखाना) मालकाशी पाच मिनिटं बोला, गाडी तिथंच येते, "पोरं टिकत नाहीत ओ, शिकवायचं आम्ही आणि हजार रुपये जास्त मिळाले की चालली पलीकडच्या शेडमध्ये." मग पगार वाढवतात. वाढवायलाच पाहिजे की, पण त्यानं नेमकं काय होतं ते बघू.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन यांनी 1991 मध्ये मांडलं की माणूस कंपनीत तीन कारणांनी राहतो. एक, मनापासून वाटतं म्हणून. दोन, सोडणं परवडत नाही म्हणून, म्हणजे उचल फिटलेली नाही, ग्रॅच्युइटीची 5 वर्षं भरायची आहेत, घराचा हप्ता आहे. तीन, सोडणं बरं दिसत नाही म्हणून, आयटीआय झाल्यावर मालकानंच हाताला धरून शिकवलं, आईच्या ऑपरेशनला पैसे दिले, आता कुठल्या तोंडानं जायचं. हजेरीपटावर तिघंही सारखेच दिसतात. पण 2002 मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी आधीचे ढीगभर अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा चांगल्या कामाशी सगळ्यात घट्ट नातं पहिल्याचं निघालं, आणि नुसतं परवडत नाही म्हणून राहिलेल्याचं काम त्यामुळं सुधारलेलं दिसलं नाही, झालं तर थोडं उलटंच.

मग पहिला प्रकार येतो कुठनं? इथं अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन कामाला येतात. त्यांच्या म्हणण्यानुसार माणसाला तीन गोष्टी लागतात, आपल्या मतानं काही करता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं. आता सीएनसीवरचा चार वर्षं मुरलेला ऑपरेटर घ्या. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजायला लागला की आवाजावरनंच त्याला कळतं, बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, 2-3 मायक्रॉननं सरकतोय हे मापायच्या गेजवर दिसतं, पण ऑफसेट मारायची, म्हणजे मशीनमधलं माप तेवढं दुरुस्त करायची परवानगी नाही, सुपरवायझर चहाला गेलाय, तो येईपर्यंत चार पीस रिजेक्शनमध्ये. वर बोलणी यालाच. असल्या पोराला हजार रुपये वाढवले तर तो थांबेल, पण दुसऱ्या प्रकारात.

पैसा फालतू आहे असा याचा अर्थ काढू नका (मालक लोक लगेच काढतात). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पिट्सबर्गकडच्या साधारण 200 इंजिनियर आणि अकाउंटंटना कामात बरं कधी वाटलं, वैताग कधी आला असं विचारलं होतं, 1959 ला ते छापून आलं. बरं वाटलेल्यात जमलेलं काम, मिळालेली शाबासकी, अंगावर आलेली जबाबदारी, तर वैतागात कंपनीचे नियम, सुपरवायझर, कामाची जागा. पगाराला त्यांनी वैतागाच्याच बाजूला टाकलं. माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःकडं घेतो आणि वाईटाचं खापर कंपनीवर फोडतो, म्हणून या विभागणीवर टीकाही बरीच झाली, ती मला पटते. तरी बारा तासांची शिफ्ट, ओव्हरटाइम सिंगल रेटनं, आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स देऊन "आपण सगळे एकच फॅमिली" म्हणायचं, तिथं ऑफसेटची परवानगी देऊन काही हलणार नाही, आधी ओव्हरटाइमचा रेट डबल करा.