ज्वारी दवावर येत नाही

रब्बी ज्वारी दवावर पोसते, असे सोलापूर-मंगळवेढ्याकडे सर्रास ऐकू येते. पेरणीनंतर एक सरही न पडता पुरुषभर उंच कडबा आणि मोत्यासारखा दाणा हाती येतो, म्हटल्यावर श्रेय दवाला जाणारच. पण एका रात्रीत दव पडून पडून किती पडते? फार तर अर्धा मिलिमीटर, आणि तेही ऊन चढताच उडून जाते. हिवाळाभर पीक पिते ते भाद्रपद-आश्विनात जमिनीत मुरलेले पाणी.

खोल काळी जमीन एक मीटर थरात पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणजे १५० मिलिमीटरचे झाले सहा लाख लिटर! एवढे शेततळे खणायचे तर खर्च किती येईल, पाहा. मुरमाड, फूटभर मातीच्या रानात मात्र ही जमिनीतली पाण्याची टाकीच उथळ. तिथे मालदांडी या वाणाचा हट्ट धरण्यापेक्षा फुले अनुराधा किंवा फुले माउलीसारखे हलक्या जमिनीचे वाण बरे.

टाकी भरायची ती पेरणीआधी. उताराला आडवी मशागत करून बंदिस्त, म्हणजे चहूबाजूंनी बांध असलेले वाफे पाडले, की हस्ताची जोराची सर बांधाबाहेर न जाता जागीच मुरते. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात उरकावी. उशीर झाला की ऑक्टोबरचे ऊन वरचा थर सुकवते, आणि खोडमाशी कोवळ्या रोपांचे पोंगे, म्हणजे मधले शेंडे, मारते.

किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम गंधक (३०० मेश) चोळले की काणी हा बुरशीचा रोग येत नाही. बी ओलीत पडायला हवे, म्हणून पाभर (पेरणीचे अवजार) ५ ते ७ सेंटीमीटर खोल धरतात. त्या खोलीची माती मुठीत दाबल्यावर लाडू बांधला जात नसेल, तर पेरू नये. नुसत्या वरवरच्या ओलीवर उगवलेले रोप मुळी खाली पोचण्याआधीच वाळते. खतही दोन चाड्यांच्या (एकातून बी, दुसऱ्यातून खत सोडणाऱ्या) पाभरीने त्याच वेळी द्यायचे: मध्यम कोरडवाहू जमिनीला एकरी ३५ किलो युरिया आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट. पुढे वरून टाकलेला युरिया कोरड्या मातीत तसाच पडून राहतो. जास्त दिला तरी घात. पाने माजतात, आणि जितकी पाने तितकी बाष्पाची गळती.

खरी चूक होते ती विरळणीत. एकरी ४ किलो बियाण्यात लाखाच्या वर दाणे असतात. ४५ सेंटीमीटरच्या ओळीत १५ सेंटीमीटरवर एक रोप ठेवले, तर एकरी बसतात साठ हजार. म्हणजे उगवलेल्यांतली जवळपास निम्मी रोपे उपटायची! हात धजत नाही, कडब्याचा मोह असतो. पण टाकी तेवढीच, पिणारी तोंडे दुप्पट. मग पोटरीपर्यंत, म्हणजे कणीस पानांच्या आवरणात असेपर्यंत, हिरवेगार दिसणारे रान दाणे भरताना कोरडे पडते, आणि तहानलेल्या ताटात, म्हणजे धाटात, खडखड्या रोगाची बुरशी शिरते. बुंधा आतून पोकळ होतो, ताटे लोळतात, दाणा पोचट राहतो.

उरलेली गळती भेगांतून. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की आक्रसते. भेगा पडतात आणि खालची ओल त्यांच्या भिंतींवरून उडत राहते. म्हणून कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती कोळप्याने हलवणे, तीनदा: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी. पहिल्या दोन मुख्यतः तणासाठी, कारण तण हेही पिणारे तोंडच. तिसरीने भुसभुशीत माती भेगांत लोटली जाते. तण दिसत नाही म्हणून तिसरी टाळणारे पुष्कळ आहेत. रानातल्या भेगेत बोट घालून पाहिले, तर टाळणार नाहीत.

विहिरीत दोन पाळ्यांपुरते पाणी असेल, तर पहिली २८ ते ३० दिवसांनी आणि दुसरी पीक पोटरीत येताना, ५० ते ५५ दिवसांनी द्यावी. भेगा रुंदावण्याआधी दिलेले पाणी सरीभर सारखे पसरते; नंतर दिले तर भेगेतून थेट खाली उतरते आणि पुढच्या वाफ्यापर्यंत पोचतच नाही.