उंदरांमधला मधुमेह आणि नायट्रिक ऑक्साइडची दोन रूपं

औषध टोचून मधुमेह घडवण्याची वाट योगायोगानेच सापडली. १९४३ साली ग्लासगोत डन हे संशोधक आणि त्यांचे सहकारी सशांच्या मूत्रपिंडांना होणाऱ्या इजेचा अभ्यास करत होते. ॲलॉक्सन हे रसायन दिलेल्या सशांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मेलेल्या दिसल्या. पुढे १९६३ मध्ये स्ट्रेप्टोझोटोसिन या प्रतिजैविकानेही उंदीर आणि कुत्रे मधुमेही होतात, हे लक्षात आलं.

आज उंदरांवरच्या असंख्य प्रयोगांची सुरुवात याच औषधाने होते. ते फार लवकर विघटित होतं, म्हणून आम्लधर्मी सायट्रेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ऐनवेळी विरघळवून टोचतात. साखर आधी वाढते. मग काही तासांनी मरणाऱ्या पेशींमधलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं आणि साखर इतकी उतरते की उंदीर दगावू नये म्हणून त्याला ग्लुकोजचं पाणी पाजावं लागतं. त्यानंतर ती चढते ती कायमची.

नायट्रिक ऑक्साइड या कथेत उशिरा आलं. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून काहीतरी स्रवतं आणि वाहिनी सैलावते, हे फर्चगॉट या संशोधकाने १९८० मध्ये दाखवलं. ते 'काहीतरी' म्हणजे हा साधा वायू, हे १९८७ पर्यंत स्पष्ट झालं. लगेच मधुमेहाच्या अभ्यासकांचं लक्ष तिकडे वळलं. उंदरांच्या बीटा पेशींवर इंटरल्युकिन-१ हे दाह वाढवणारं प्रथिन सोडलं की त्या स्वतःच भरमसाट नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जानिर्मिती मंदावते आणि इन्सुलिनचं स्रवणं घटतं. ते तयार करणारं विकर रोखलं तर ही हानी बरीचशी टळते.

खरा गुंता इथून पुढे आहे. स्ट्रेप्टोझोटोसिनच्या रेणूत ग्लुकोजला नायट्रोसोयुरिया गट जोडलेला असतो. ग्लुकोजच्या भागामुळे ते बीटा पेशीत सहज शिरतं, डीएनएला इजा करतं आणि स्वतःही नायट्रिक ऑक्साइड सोडू शकतं. तेव्हा सापडलेला वायू औषधातून आला, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींनी सोडला की बीटा पेशीनेच बनवला, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढणं मला धोक्याचं वाटतं.

त्याच उंदराच्या महाधमनीत मात्र चित्र उलटं. तिथे सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा अतिक्रियाशील रेणू नायट्रिक ऑक्साइडला गिळून पेरॉक्सिनायट्राइट हा हानिकारक रेणू बनवतो आणि वाहिनी सैलावणारं ॲसिटिलकोलीन देऊनही वाहिनी पुरेशी सैलावत नाही. म्हणूनच नायट्रिक ऑक्साइड सरसकट रोखणारं औषध बीटा पेशी वाचवताना रक्तदाब वाढवू शकतं.