डीएमएलटी की बीएमएलटी: फी आणि पगाराचा हिशेब

बारावी सायन्स झालं, नीटचे मार्क जेमतेम आले, की कुणीतरी सुचवतंच: लॅबचा कोर्स कर, लगेच नोकरी. मग दोन पर्याय समोर येतात. एक दोन वर्षांचा डिप्लोमा, डीएमएलटी, म्हणजे डिप्लोमा इन मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी. दुसरी त्याच विषयाची पदवी, कुठे तिला बीएमएलटी म्हणतात, कुठे बीएस्सी एमएलटी, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी): तीन वर्षं आणि वर पूर्ण वर्षाची इंटर्नशिप.

यात आणखी एक घोळ आहे. बीएस्सीनंतर एका वर्षात होणाऱ्या कोर्सलाही डीएमएलटीच म्हणतात. सरकारी जाहिरातीत ‘बीएस्सी आणि डीएमएलटी’ असं असलं, तर नुसत्या बारावीनंतरच्या डिप्लोमावर तो अर्ज भरता येत नाही. अॅडमिशनवाले हे आपणहून सांगत नाहीत.

आता हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या कॉलेजचे घालून बघा. डिप्लोमाची फी वर्षाला ६० हजार धरली तर १ लाख २० हजार. पदवीची ९० हजार धरली तर तीन वर्षांचे २ लाख ७० हजार. फरक दीड लाखाचा, आणि बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो. पण डिप्लोमावाला दोन वर्षं आधी कामाला लागतो. महिना १२ हजार धरले तरी तेवढ्यात त्याच्या हातात २ लाख ८८ हजार पडलेले असतात. म्हणजे पदवी खरी ४ लाख ३८ हजारांनी महाग पडते.

हे पैसे वसूल कधी होतात? तालुक्याच्या लॅबमध्ये सकाळी सातला कलेक्शन, जांभळ्या टोपणाच्या ट्यूब सेल काउंटरला लावायच्या, डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट कमी दिसल्या की स्लाइड करून बघायची. मालकाला हात चांगला हवा असतो, सर्टिफिकेट कुठलं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. पदवीसाठी त्याने महिना ४ हजार जास्त दिले, तरी वसुलीला नऊ वर्षं लागतात.

जिल्हा परिषदांच्या २०२३ च्या भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञाची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० होती, आणि अर्हता विज्ञानाची पदवी. तिथे तोच जादा खर्च दोनेक वर्षांत निघतो. अर्थात जागा मोजक्या असतात, आणि परीक्षेच्या तयारीत घरी बसून काढलेली वर्षंही खर्चातच धरायला हवीत. एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या मोठ्या लॅबमध्ये रोजचे क्यूसी, म्हणजे मशीनचे निकाल बरोबर येतात का याची तपासणी, आणि त्याचे आलेख (एलजे चार्ट) सांभाळून सुपरवायझर व्हायचं असेल, तर पदवी उपयोगी पडते. दुबईला जायचं असेल तर डिप्लोमावाला टेक्निशियन आणि पदवीवाला टेक्नॉलॉजिस्ट, हा फरक लायसन्सपासूनच सुरू होतो.

माझं मत विचाराल तर, गावातच राहायचं आणि घरी पैशांची ओढाताण असेल तर डिप्लोमा करा. फक्त त्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी मिळते का, हे फी भरण्याआधी विचारा. सरकारी नोकरी किंवा परदेश डोक्यात असेल, तर डिप्लोमात दोन वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

‘पदवी घेतली की स्वतःची लॅब टाकीन’ या हिशेबावर मात्र कुणी कर्ज काढू नये. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा पॅथॉलॉजिस्टचे पैसे दर महिन्याला डिप्लोमावाला आणि पदवीवाला दोघांच्याही लॅबच्या खर्चात येणारच.